तक्रार नाही, साहेब

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले आणि आमच्या दवाखान्याचा बुलढाण्याच्या सिव्हिल सर्जनच्या मर्जीवर. मी तिथली नर्स. कोवळ्या वयात नवरा गेला, सासरच्यांनी हात झटकले, तेव्हा वडिलांनी लोकांच्या तोंडाकडे न बघता मला नागपूरला शिकायला धाडलं होतं. दवाखान्यात आम्ही चौघं: डॉक्टरसाहेब, कंपाउंडर, एक म्हातारी आया आणि मी.

तिथे मार सगळ्यांनाच बसायचा. औषध कडू लागलं म्हणून कंपाउंडरची गचांडी धरली जाई. खाट लवकर मिळाली नाही म्हणून एका पाटलाने आयेच्या कमरेत लाथ घातली होती. पण 'मारलं' हा शब्द कुणाच्या तोंडी नसे. "डोकं गरम झालं बिचाऱ्याचं," एवढंच. आया तर कमरेला तेल चोळता चोळता त्या पाटलाचीच कीव करायची. मला हसू यायचं, कारण माझ्यावर वेळ अजून आली नव्हती.

ती आली एका सकाळी. अमडापूरकडच्या एका बड्या जमीनदाराच्या घरची सून बैलांच्या दमणीतून आणली. पहिलटकरीण, आणि घरच्या सुइणीने हात टेकल्यावरच दवाखाना आठवलेला. मूल पोटातच गेलं होतं. ते सांगायला मी व्हरांड्यात आले. तिचा नवरा पितळी लोटा घेऊन चूळ भरत होता. त्याने ऐकलं आणि तो लोटा माझ्या कपाळावर हाणला.

डावी भुवई फुटून रक्त डोळ्यात ओघळलं. व्हरांडाभर माणसं होती, एकही जागचं हललं नाही. आत सुनेची वार पडायची होती. कपाळाला पट्टी आवळली आणि तशीच आत गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "तुले बी लोटाच लागला का वो बाई?"

त्या वेळी मला तिचा रक्तस्राव थांबवायचा होता, तिच्या बोलण्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. ती वाचली. शब्द मात्र माझ्या डोक्यातून हलेनात.

संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. "बाई, त्यांचं मूल गेलंय. दुःखात माणूस हात उचलतो. तुम्ही पायरीवर पडलात, असंच ठेवू."

"मूल तर तिचंही गेलं," मी म्हणाले. "तिनं कुणावर उचलला हात?"

त्यांनी रजिस्टर ओढून 'पायरीवर पडल्या' असं लिहून टाकलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. जमीनदाराची ऊठबस मोठ्या लोकांत होती आणि डॉक्टरांना तीन मुली उजवायच्या होत्या.

सिव्हिल सर्जन वर्षातून एकदा तपासणीला येत. आम्ही ओळीने उभे राहायचो. साहेब विचारायचे, "कुणाची काही तक्रार?" डॉक्टरांपासून आयेपर्यंत सगळे पाठ केल्यासारखे म्हणायचे, "तक्रार नाही, साहेब." मग साहेब चहा घ्यायचे. या खेपेला मी बोलणार, असं मी डॉक्टरांना सांगून टाकलं. अशी गोष्ट दवाखान्यात थोडीच राहते? बाजारातून ती अमडापूरला पोचली.

लगेच त्या घरची सासू आली. खाटेवर लुगडं ठेवलं आणि म्हणाली, "पोराचं डोकं तापट हाय. मनात नोको ठेवू." मी लुगडं परत केलं. तिला वाटलं, बाईला ते हलकं वाटलं. पुढच्या बाजारी जरीच्या काठाचं आणलं. तेही परत केल्यावर बिचारी बुचकळ्यात पडली. "याहून भारी तर आमच्या लेकीलेबी नाई दिलं वो!" मला हसावं की रडावं कळेना. त्यांच्या हिशेबी माझ्या कपाळाचं लुगडं झालं होतं, फक्त काठ ठरायचा होता.

तिसऱ्यांदा आली ती ताट घेऊन. गहू, खण, नारळ, हळकुंड. माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे बघत म्हणाली,

"मले माहीत हाय, तुही ओटी कोणी भरत नाई. मी भरीन. चारचौघींत भरीन. आमच्या घरची लेक समजीन तुले."

खोटं का बोलू, मला ती ओटी हवी होती. धाकट्या बहिणीच्या लग्नात ताट माझ्यासमोरून पुढे गेलं होतं. घरच्या बायकांनी माझ्याकडे पाहायचंही टाळलं होतं. त्या दिवसापासून कुणाची ओटी भरताना दिसली की मी काहीतरी काम काढून उठायचे. हात पदराकडे गेलाही.

"आणि साहेबासमोर?" मी विचारलं.

"आता साहेब काऊन पायजे? माहेराची कागाळी कोणी करते का?"

या घरची लेक. आणि या घरच्या सुनेनं मला खाटेवरून काय विचारलं होतं! मी पदर पसरला नाही, कमरेला खोचला. म्हातारीने ताट उचललं. जाताना म्हणाली, "रांडमुंड बाईले एवढा माज!" ते आजही बोचतं.

साहेब आले. "कुणाची काही तक्रार?" तिघे ठरलेलं बोलले. मी म्हणाले, "आहे. मला मारलंय."

साहेबांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. "तुम्ही पायरीवर पडला होतात ना?"

"पायरीच्या हातात लोटा नसतो, साहेब."

कंपाउंडर खोकला. आयेने मान वर केली नाही, तिचा हात मात्र नकळत कमरेवर गेला. साहेबांनी सगळं विचारून घेतलं. त्या माणसाला बुलढाण्याला बोलावून चांगली तंबी दिली. दवाखान्यात पुन्हा हात उचललास तर तुरुंग, म्हणाले. थोड्याच दिवसांत माझी मोताळ्याला बदली झाली. ती शिक्षा होती की सोय, हे मला कुणी सांगितलं नाही. तक्रार मात्र ऐकली गेली होती, आणि मी मनातून ताठ झाले होते.

तो ताठा पुढच्या उन्हाळ्यात उतरला. ती सून दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती, माहेर मोताळ्याजवळच. मला ओळखून हसली. तपासायला खाटेवर घेतलं, केस मागे सारले, तर डाव्या भुवईवर तिलाही माझ्यासारखेच व्रण. काही जुने होते. एक अजून ओला होता.

"साहेबानं बोलावलं होतं ना, तवापासून ते दवाखान्यात कोणावर हात नाई उचलत," ती कौतुकाने म्हणाली. मग माझा हात धरून तिने विचारलं, "तपासणीले साहेब कोणाच्या घरी नाई येत का वो, बाई?"