फुगलेल्या पुंगळ्या

काका चहाला बसले तरी त्यांचा उजवा अंगठा कामावर असायचा. खिशातून रायफलची रिकामी पुंगळी काढायची आणि तिच्या पोटावरून अंगठा फिरवत राहायचं. समोर कोण बसलंय, सोयरिकीची बोलणी चाललीत की कुणाच्या दहाव्याची, याच्याशी अंगठ्याला देणंघेणं नसे. "फुगली बघ," असं मध्येच म्हणत. एका पाहुणीला ते स्वतःबद्दल वाटलं होतं. ती पुन्हा गारखेड्याच्या त्या घरी आली नाही.

काका जलसंपदात नोकरीला होते. निवृत्तीनंतर सगळा जीव नेमबाजीत. गोळी सुटली की पितळेची पुंगळी तापून फुगते. ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, मग दारू आणि गोळी भरायची. त्याचा रीतसर परवाना होता आणि मागच्या खोलीत टेबलाला जखडलेला दांडीचा प्रेस होता. दांडी खाली आली की अख्ख्या घराला कळायचं. "माणूस फुगला तर काय करता येत नाय," काका म्हणायचे, "पितळ ऐकतं." हे म्हणताना ते माझ्या पोटाकडं बघत.

मी उस्मानपुऱ्यातून स्कूटरवर त्यांच्याकडं जायचो, मदतीला म्हणून. मदत म्हणजे पुंगळ्यांना तेलाचं बोट लावणं. तेल जास्त झालं तर पुंगळीला पोचा पडतो, कमी झालं तर ती साच्यात अडकते. माझं बोट कायम या दोन्हींच्या मध्ये गोंधळलेलं. "तुला थालीपीठ लावायला नाय सांगितलं," काका ओरडायचे. पुसून पुन्हा लावायचो.

नेमबाजीच्या शेवटच्या वर्षी काकांना चैन पडत नव्हती. दसरा झाला की ज्येष्ठांची स्पर्धा होती आणि काकूंनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता: पदक नाही आलं तर रायफल पोलिसांत जमा करायची. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, उजव्यातही मोतीबिंदू उतरत होता. "शेजारणीला ताई म्हणून हाक मारली यांनी," काकू मला म्हणाल्या, "बघतात तर शेजारणीचा नवरा." काका दिवसभर खोलीत जात, बाहेर येत, पुन्हा जात. पायात चप्पल कधी एकच.

खंडेनवमीला काकूंनी शिरस्त्याप्रमाणं घरातल्या हत्यारांची पूजा मांडली. विळी, स्क्रूड्रायव्हर, माझ्या स्कूटरची किल्ली आणि अर्थातच प्रेस. साच्याला, पुंगळ्यांना भरभरून हळदकुंकू. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्यालाही विश्रांती. काकू शेजारी गेल्या आणि काका उठले.

"एकच दाबतो."

"काका, आज नको."

"स्पर्धा काय खंडोबा खेळणारे? तेल आण."

मी तेल लावलं. कुंकू पुसायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तेलात त्याचा चिखल झाला, काकांनी दांडी ओढली आणि पुंगळी साच्यात गच्च बसली. खाली येईना. "लटक," काका म्हणाले. मी दांडीला लटकलो. टेबलाचे मागचे दोन पाय उचलले गेले, पुंगळीची कड तुटून खाली पडली आणि पुंगळी साच्यातच राहिली. नेमक्या त्याच वेळी काकू दारात.

"आजच्या दिवशी हत्याराला हात लावलात?"

"मी नाय," काका म्हणाले. "हा लटकलाय."

साचा कामातून गेला. नवा मागवायचा तर महिना लागणार होता. फुगलेल्या पुंगळ्यांचा ढीग तसाच पडून राहिला. आधी भरून ठेवलेल्या गोळ्या स्पर्धेपुरत्याच होत्या, तेव्हा सराव बंद. ते दिवस काकांनी कसे काढले ते विचारू नका. कुकरची शिट्टी खोलून बसवली, गेटच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, मला दोनदा सलूनमध्ये पाठवलं.

स्पर्धेत मी मागं दुर्बीण घेऊन बसलो होतो. पहिल्या काही गोळ्यांतच कळलं. काका प्रत्येक गोळीनंतर डोळा चोळत होते. शेवटी उठले, रायफल पुसली आणि म्हणाले, "चल, भूक लई लागली."

घरी काकूंनी तोंडाकडं बघून ओळखलं. ताट वाढता वाढता हळूच विचारलं, "माझ्या कुंकवामुळं झालं व्हय?"

"नाय गं," काका म्हणाले. "कुंकू चांगलं होतं. डोळा गेलाय."

हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं होतं. कुणी आठवण करून द्यायच्या आधी, दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते रायफल जमा करून आले. परतीच्या वाटेवर काका स्कूटरवर मागं बसले होते. अंगठा माझ्या खांद्यावर होता, स्थिर.

आठवड्याभरानं काकूंचा फोन आला. आवाज दबका.

"अरे, हे सकाळपासून खुर्चीत बसलेत. पेपर मांडीवर, पान उलटत नाहीत. मी मुद्दाम कुकर बिघडलाय म्हटलं, तर म्हणाले, नवा घे." मग म्हणाल्या, "जमा केलेली रायफल परत मिळती का रे?"

"काकू, तुम्हीच तर..."

"ते मला माहितीय. अर्ज कुठं करायचा ते सांग."