नववं प्रकरण

पुस्तक लिहायला मला दोन वर्षं लागली आणि ते दुरुस्त करायला त्याहून जास्त. माझं लहानपण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, त्या दिवसांचं ते पुस्तक. शाळेतून निवृत्त झाल्यावर फरीदाबादच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. एका प्रकाशकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. तेव्हा गुरुग्रामला राहणारी माझी मुलगी म्हणाली, "स्वतःच छाप ना. फाइल अपलोड केली की झालं."

पण अपलोड करण्याजोगी फाइलच तयार होईना. सकाळी एक परिच्छेद काढायचा, संध्याकाळी तोच परत घालायचा, असं चाललं होतं. त्यातून माझं मराठी. सगळी नोकरी हिंदी-इंग्रजीतून गणित शिकवण्यात गेली, मराठी उरलं ते घरापुरतं. "वडिलांनी आम्हा बहिणींना उत्तम शिक्षा दिली," हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचून पुढे गेले होते. नवऱ्याने एकदा सहज ते पान उचललं आणि हसतच सुटला. "तुझे बाबा इतके कडक होते?" मला लिहायचं होतं शिक्षण. तो हसत राहिला आणि मला रडू आलं. हे एक सापडलं, न सापडलेली किती असतील?

मुलीला सांगितलं, तर म्हणाली, "आई, बस कर यार. परफेक्ट कधीच होणार नाही." मग म्हणाली, "मावशीआजीला का नाही विचारत?"

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. पुण्यात एकटी राहते, वय चौऱ्याऐंशी. नोकरीची सगळी वर्षं तिने एका छापखान्यात मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासली. आता तिला वाचता येत नाही, पण कान तल्लख आहेत. तिला विचारायचं मलाही सुचलं नव्हतं असं नाही. मी टाळत होते, कारण नवव्या प्रकरणात ती स्वतः होती.

शेवटी फोन केला. ती लगेच म्हणाली, "रोज चारला चहा झाला की फोन कर. हळू वाच. आणि नाटकात बोलतात तसं वाचू नकोस, सरळ वाच."

असं महिनाभर चाललं. ती मधेच अडवायची. "'माझी मदत केली' नाही गं, 'मला मदत केली'." कधी नुसतीच म्हणायची, "परत वाच." परत वाचताना माझं मलाच कळायचं, अर्धं वाक्य उगीचच आहे. एकदा म्हणाली, "तू प्रत्येक गोष्ट तीनदा सांगतेस. वर्गात ठीक आहे, पुस्तकात नको. वाचणाऱ्याला कळतं." फोन ठेवल्यावर मी पानंच्या पानं काढायचे आणि काढलेलं परत घालावंसं वाटायचं नाही. कित्येक दिवसांनी मला जेवण गोड लागायला लागलं.

आठवं प्रकरण संपलं. दुसऱ्या दिवशी मी काही न बोलता थेट दहावं सुरू केलं. दोन परिच्छेद झाले असतील.

"थांब. काल तू दहा वर्षांची होतीस, आज कॉलेजात? मधलं कुठे गेलं?"

"ते अजून कच्चं आहे, मावशी."

"मग तेच वाच."

मी वाचलं. खरं घडलं होतं ते असं: मी दहा वर्षांची असताना मावशी सुट्टीत आमच्याकडे आली होती. एका दुपारी ती माझ्या वडिलांना म्हणाली, "ताईने इथे येऊन स्वतःची पार मोलकरीण करून घेतलीय." मी दाराआड होते. ऐकलं ते तसंच्या तसं जाऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मावशी पुण्याला निघून गेली आणि पुढे अकरा वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण पुस्तकात मी यातलं काहीच सरळ लिहिलं नव्हतं. चौदा पानं थंडीवर, कोवळ्या उन्हावर, दुराव्यावर होती. मी आईला काय सांगितलं, ते त्यांत कुठेच नव्हतं.

वाचून झालं. मग मावशी म्हणाली, "बाकी पुस्तकात तुझी वाक्यं आता आखूड झालीत. इथे मात्र श्वास पुरत नाहीये तुला. काय लपवते आहेस?"

पन्नास वर्षं जे कुणाला बोलले नव्हते, ते सांगून टाकलं. दार, ते वाक्य, आईचा चेहरा. "माझ्यामुळे झालं सगळं," मी म्हटलं.

"काहीतरीच काय! तू सांगायच्या आधीच तिला माहीत होतं. सकाळी दुधाच्या बूथवर मीच तिला तोंडावर म्हटलं होतं. चल पुण्याला, छापखान्यात नोकरी लावून देते म्हटलं. ती म्हणाली, माझ्या संसारात नाक खुपसू नकोस. तिथेच भांडलो आम्ही, बाटल्या हातात घेऊन. परतीचं तिकीट मी त्याच सकाळी बदललं."

"पण मी सांगितल्यावर ती स्वयंपाकघरात रडत होती."

"रडत असेल. माझ्यावर चिडून रडत होती. तुझं नावही कधी निघालं नाही गं. समेट झाल्यावर आम्ही सगळं बोललो, तेव्हाही नाही." मग तिचा आवाज बदलला. "एवढी वर्षं तू हे घेऊन बसली होतीस? मला विचारायचंस तरी."

मी हमसून रडले. नवरा आतून धावत आला, त्याला हातानेच थांबवलं. माझं रडणं ओसरल्यावर मावशी म्हणाली, "आता ते लिही. मी काय बोलले, तेही लिही. चुकीचं नव्हते बोलले, बोलायची पद्धत चुकली."

दुसऱ्या दिवशी मी चौदाची चार पानं केली. दार, वाक्य, बूथ, बाटल्या. थंडी एका ओळीत आली. चारला वाचून दाखवलं. मावशीने एकच शब्द बदलायला लावला आणि म्हणाली, "हं. आता दहावं."

उरलेली प्रकरणं भराभर झाली. फाइल पाठवायच्या दिवशी मुलगी मुद्दाम गुरुग्रामहून आली, पण बटण मीच दाबलं. काहीतरी मोठं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही, फक्त खांदे सैल पडले. मी जाऊन आडवी झाले आणि भर दुपारी तीन तास गाढ झोपले.

पुस्तक आता छापून आलं आहे. मुलगी मेट्रोत बसून वाचते. दिल्लीत वाढल्यामुळे तिचं मराठी वाचन सावकाश चालतं. मधूनच मेसेज येतो, "आई, फणकारा म्हणजे?" मी हातातलं काम टाकून तिला फोन लावते आणि माझ्या आईचा फणकारा कसा असायचा, ते करून ऐकवते.