शिमग्यानंतर काश्मीर

शेजारचे काका रोज संध्याकाळी आमच्या पडवीत नकाशा पसरत. "शिमग्याची पालखी घरी येऊन गेली की निघायचं. काश्मीरपर्यंत मीच चालवनार, काय समजलास?" गाडी त्यांचीच. त्यांचा हॉर्न ऐकला की गल्लीतल्या कोंबड्या कुंपणावर चढायच्या. मी हो म्हणून बसलो होतो, आता नाही कसं म्हणणार?

सराव म्हणून आम्ही खाडीपलीकडच्या दिघीला निघालो. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत उलटी चढवायची होती. काकांनी मागे वळून उतार पाहिला, खालचं पाणी पाहिलं, चष्मा पुसला. मग खाली उतरून चावी माझ्या हातात दिली.

"चढव तू."

"फक्त बोटीत?"

"काश्मीरपर्यंत."

माझा जीव भांड्यात पडला.

"हॉर्न मात्र मी वाजवनार, काय समजलास?"