दार लावून म्हटलेली गाणी

मिलिंदचा फोन येण्याआधी बातमीच येऊन धडकली. शाळेत मधली सुट्टी होती, डबा उघडून मी पहिला घास घेत होते, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी त्यांचा मोबाइल माझ्यापुढं धरला. "मॅडम, या तुमच्या मावशी ना?" शहरातल्या कुठल्याशा न्यूज पोर्टलची पोस्ट होती. ‘त्या’ व्हायरल काकूंचं निधन. खाली डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसलेली माझी गयामावशी, आणि तिच्याखाली निळ्या अक्षरांत एक ओळ : माफी मागतानाचा व्हिडिओ पाहण्यासाठी इथे क्लिक करा... मिलिंद म्हणजे मावशीचा एकुलता एक मुलगा. तो त्या वेळी दवाखान्यात कागदांवर सह्या करत होता. आई गेली हे त्यानं अजून आम्हा घरच्यांनाही कळवलं नव्हतं, आणि इकडं त्या पोस्टखाली अनोळखी माणसांनी हात जोडायला सुरुवातही केली होती. दोघा-तिघांनी हसरे चेहरे टाकले होते. मी डबा बंद केला आणि रिक्षा पकडली.

आता दीड महिना होतोय. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना राग बाजूला ठेवावा म्हणतात. मला ते जमणार नाही, आणि जमवायचंही नाही. माझ्या मावशीचा आवाज लोकांनी तिच्या जिवंतपणीच काढून घेतला होता. दीड महिन्यापूर्वी फक्त श्वास थांबला.

गयामावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला आमची वस्ती, तिथं तिचं दोन खोल्यांचं घर. एका शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली, नवरा लवकर गेला, मिलिंदला एकटीनं वाढवलं. पौर्णिमेला विहारात वंदनेला ती पुढं, चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढं, नळावरच्या भांडणात तर सगळ्यात पुढं. पण ही झाली सगळ्यांना दिसणारी गयाबाई. वस्तीतल्या बायकांची गयाबाई वेगळी होती, आणि ती फक्त हळदीच्या संध्याकाळी भेटायची.

आमच्याकडं हळद लागली की पुरुष माणसं मांडवात जाऊन बसायची आणि बायका आतल्या खोलीत. मावशी मधोमध फतकल मारायची, हातात स्टीलचं ताट आणि चमचा. "दार लावा गं. बाप्ये बाहीर. आता आपलं राज हाय." कडी लागली की सुरू. पाठ केलेलं काही नसायचं, बसल्या बसल्या जुळवायची. आधी विहिणीची खेचायची, मग नवरदेवाची, मग खोलीत बसलेल्या एकेकीच्या सासूची, नवऱ्याची, दिराची. स्वतःच्या मेलेल्या नवऱ्यालाही सोडायची नाही. पुढारी, ठेकेदार, रेशनवाला, शाळेचे हेडमास्तर, ज्यांच्यासमोर दिवसभर मान खाली घालावी लागायची असे सगळे त्या ताटाच्या ठेक्यावर नाचून जायचे. चावटपणा तर इतका की मी कॉलेजात गेल्यावरही मला आईनं दोनदा उठवून बाहेर काढलं होतं. हसून हसून बायकांच्या पोटात दुखायचं. बाहेर मांडवात पुरुष अस्वस्थ व्हायचे, कारण हसू ऐकू यायचं, शब्द नाही.

आणि नुसतं हसणं नव्हतं ते... आमच्या गल्लीतली एक बाई, तिला इथं सुशीला म्हणू, वर्षानुवर्षं कुणाशी धड बोलायची नाही. एका हळदीला मावशी गाता गाता तिच्यापाशी थांबली आणि नुसता ठेका धरून बसली. सुशीलानं खाली बघत एकच ओळ म्हटली, नवऱ्याच्या पट्ट्याबद्दल. मावशीनं क्षणभर ताट खाली ठेवलं, मग उचललं आणि तीच ओळ ठेक्यावर घेतली. मागोमाग सगळ्या बायकांनी. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, सुशीला रडायला लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायका घोळक्यानं तिच्या नवऱ्याला भेटायला गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की तो पट्टा पुन्हा भिंतीवरून उतरला नाही. पोलीस चौकीत, विहारात, महिला मेळाव्याच्या माईकवर सुशीला हे कधीही बोलली नसती. ती बोलली, कारण दाराला कडी होती.

ती कडी कशी निघाली ते आता सांगते. चार वर्षांपूर्वी मावशीच्या पुतणीच्या हळदीला नवरीची एक कॉलेजातली मैत्रीण आली होती. मावशी त्या दिवशी फॉर्मात होती. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं हे इथल्या वाचकाला मी काय सांगू! तर वस्तीत टँकर यायचा, आणि टँकरवर पाण्यापेक्षा मोठा फोटो असायचा आमच्या ‘भावी नगरसेवक’ भाऊंचा. मावशीनं त्या फोटोवर गाणं रचलं. टँकर गळतो, फोटो भिजतो, आमचा हंडा मात्र कोरडा, आणि भाऊंच्या घरी म्हणे अंघोळीला हौद... पुढं हौदात काय काय होतं ते तिनं आणखी रंगवलं. त्याआधी आठ-दहा नवरे, दोन सासवा आणि एक जावई असाच धुऊन निघाला होता. त्या मुलीला इतकं आवडलं की तिनं मांडीवरच मोबाइल धरून थोडंसं टिपलं आणि स्टेटसला ठेवलं. फक्त आपल्या माणसांसाठी म्हणून. तिच्या आपल्या माणसांची आणखी आपली माणसं होती.

बाकीची सगळी हळद कापून तेवढाच भाऊंचा तुकडा कुणीतरी उचलला. दोन दिवसांत तो पैठणपर्यंतच्या मोबाइलांत होता. तिथल्या माझ्या नणंदेनं मला पाठवला, "ही कोण गं बाई, भारीच आहे." आधी लोक हसले. मग कुणी त्यावर संगीत चढवलं, कुणी तिच्या तोंडाचा क्लोजअप घेऊन रील केली, कुणी तिच्या दातांवर बोललं, कुणी वयावर. मग तिची जात काढली गेली, आणि नंतर त्या कॉमेंटमध्ये जे आलं ते मी वाचलं आहे, लिहिणार नाही. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या लेकराबाळांचे फोटो लावलेल्या माणसांनी लिहिलं होतं ते. मावशीला पहिल्यांदा तर कळेचना. "मी काय खोटं बोलले? नळाला पाणी नाय अन् टँकरवर ह्याचा फोटू. अन् त्येंला कुणी सांगितलं व्हतं आमच्या खोलीत डोकवायला?" हाच प्रश्न मी आजही विचारते आहे. भर चौकात सभा घेऊन ती बोलली असती तर भाऊंना जाब विचारायचा हक्क होता. ती आपल्या बायकांसमोर, आपल्या घरात, दार लावून बोलली होती. तिनं कुणाला उत्तर द्यायचं असलंच तर त्या खोलीतल्या बायकांना.

पण मिलिंद शेंद्र्याला एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला, आणि ठेकेदार कुणाचा माणूस हे वेगळं सांगायला नको. एका दुपारी तिघं जण घरी आले. योगायोगानं मी तिथंच होते, मिलिंदही घरीच होता. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, चपला दाराबाहेर काढून आत आले. "काकू, तुम्ही आम्हाला आईसारख्या. भाऊंचं काहीच म्हणणं नाही, पण पोरं चिडलीत. दोन वाक्यं बोला, विषय संपवू." वाक्यं त्यांनी मोबाइलवर लिहूनच आणली होती. मावशीनं चहा टाकला, कारण घरी आलेल्याला चहा द्यायची तिला सवय. चहा पिऊन त्यांनी तिला पलंगावर बसवलं. भिंतीवरची तसबीर मागं दिसत होती म्हणून तिला बाजूला सरकवलं. "पदर डोक्यावर घ्या काकू." आयुष्यात वडीलधाऱ्यांसमोरसुद्धा न घेतलेला पदर तिनं घेतला. "अनवधानाने" हा शब्द तिच्या तोंडात बसेना, म्हणून पुन्हा. मग "जरा हसल्यासारखं दिसतंय", म्हणून पुन्हा. मी मध्ये पडले तर त्यांच्यातला एक अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमचीपण नोकरी आहे ना?" आणि व्हिडिओ कुणी काढायचा यावर त्यांचं आधीच ठरलं होतं. "घरच्याच माणसानं काढलेला बरा. जबरदस्ती वाटत नाही."

मिलिंदनं काढला. आपल्या मोबाइलवर, आपल्या आईचा.

त्यानंतर आठवडाभरात ती मैत्रीण रडत घरी आली होती. मावशीनंच तिला जवळ घेतलं. "रडायलीस कामून? तुला गाणं आवडलं म्हून तू धरलं. मला का कळत नाय व्हय?" या सगळ्या प्रकारात मनापासून माफी मागितली ती एकट्या त्या मुलीनं, आणि ती कुणी रेकॉर्ड केली नाही.

मावशी मात्र मिटली. घरात माणूस आलं की तिची नजर आधी त्याच्या हातांवर, मग शर्टाच्या खिशावर जायची. बोलता बोलता थांबायची. गुडघा दुखतो हेसुद्धा कुजबुजून सांगायची. मी एकदा चिडून म्हटलं, "मावशे, गुडघ्यावर कोण गं केस करणार आहे?" तर म्हणाली, "कुणाला ऐकू जातंय काय म्हाईत, माये." वस्तीत हळदी होतच राहिल्या. पण आता हळदीला पिवळ्या साड्यांचं ठरतं, कॅमेरावाला येतो, वर ड्रोन फिरतो, डीजे लागतो आणि बायका कॅमेऱ्याकडं बघून ठरवलेल्या स्टेप करतात. मावशी कोपऱ्यात खुर्चीवर बसून असायची. कुणीतरी म्हणायचं, "गयाबाई, होऊन जाऊ द्या की!" आणि म्हणता म्हणता मोबाइल वर करायचं. ती नुसती मान हलवायची. सुशीलासारखी एखादी त्या घोळक्यात आजही असेल. ती कुठं बोलत असेल, मला कल्पना नाही.

आम्हाला वरून शिकवणारे पुष्कळ भेटले. आता जमानाच असा आहे, जपून बोलावं, ज्याच्या मनात खोट नाही त्यानं लपवायचं कशाला... हे सांगणाऱ्यांना माईक मिळतो, पेपरात रकाना मिळतो. मावशीला एक खोली मिळत होती. तेवढ्या खोलीत ती मोकळी होती, आणि तिच्यामुळं आणखी पंचवीस-तीस जणी. ज्याला बाहेर बोलायची मुभा नाही त्याच्यासाठी बंद दार म्हणजे लपणं नसतं, तीच त्याची बोलायची जागा असते. ती आम्ही घालवली.

मावशी गेल्यावर मी त्या पोर्टलच्या ऑफिसात गेले. एका दुकानावरची खोली, टेबलामागं तिशीतला माणूस, बोलायला चांगला. म्हटलं, निधनाची बातमी राहू द्या, तो माफीचा व्हिडिओ तेवढा काढा. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, काढला तर लोक म्हणतील दबावाखाली काढला. शेवटी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे." तीन माणसांनी पलंगावर बसवून वदवून घेतलेली वाक्यं, आणि स्वातंत्र्य याचं! ॲपवाल्यांकडं तक्रार केली, तर आमच्या नियमांचं उल्लंघन होत नाही असं छापील उत्तर आलं. व्हिडिओ आजही तिथंच आहे. माझ्या मावशीचं नाव टाकलं की जगाला तेवढीच मावशी दिसते.

पण मला शेवटची भेटली ती मावशी वेगळी होती. जायच्या दोन दिवस आधी दुपारी मी दवाखान्यात तिच्यापाशी बसले होते. श्वास लागत होता, तरी डोळे टकटकीत. मिलिंद औषधं आणायला खाली गेला होता. तिनं बोटानं छताचा कोपरा दाखवला. "वर बघ. तिथं बी डोळा लावलाय." मग उशीवरच मान वळवून म्हणाली, "कान दे हिकडं." मी वाकले. तिनं माझ्या दंडावर दोन बोटांनी ठेका धरला आणि कानात दोन ओळी म्हटल्या. गाऊन! मी इतक्या मोठ्यानं हसले की सिस्टर धावत आल्या आणि मला रागावल्या. मावशी डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडली होती, ओठांचा कोपरा तेवढा हलत होता. मिलिंद औषधं घेऊन आला तेव्हा त्यानं विचारलं, "काय झालं गं ताई?" मी डोळे पुसत त्याच्या हातातली औषधं घेतली.

मावशीचा जलदानविधी झाला, पाहुणे पांगले, तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन बसला. मग खिशातला मोबाइल काढून बाहेरच्या खोलीत ठेवून आला, दार लावलं आणि म्हणाला, "ताई, आई त्या दिवशी तुला हसवून गेली. मला चार वर्षांत ती एकदाबी हसून बोलली नाय. मी तो व्हिडिओ काढला, म्हूनच ना?" मी त्याला जवळ ओढलं आणि त्या दोन ओळी त्याच्या कानात म्हटल्या. त्याच्यावरच होत्या त्या. त्या दुपारवर, चहा पिऊन गेलेल्या तिघांवर, आणि आईसमोर मोबाइल धरून उभ्या राहिलेल्या लेकावर. ते सगळं तिनं केव्हाच ताटाच्या ठेक्यावर घेतलं होतं. मिलिंद आधी सुन्न झाला, मग हसायला लागला, तोंडावर उपरणं दाबून, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. काय झालं म्हणून बाहेर भांडी घासणाऱ्या बायका धावत आल्या आणि दार वाजवायला लागल्या. आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.