कनेक्शन सोडायला लावणाऱ्या मॅडम

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यातला कॉम्प्युटर कधीही आपल्या मरणाने मेला नाही. त्याचा रोज दुपारी खून होत असे, आणि खुनी आम्ही सगळेच होतो.

हे आमच्या तोंडावर सांगितलं कॉम्प्युटर विभागाच्या मॅडमनी. चष्मा कपाळावर सरकवून त्या टेबलाटेबलाशी विचारत फिरायच्या, "काम झालं? मग सोडा!"

सोडायचं काय, तर कनेक्शन. मंडळी, नव्वदच्या दशकातली गोष्ट. कारखान्याचा सगळा डेटाबेस एका सर्व्हरवर, आणि त्याला एका वेळी ठरावीकच कनेक्शनं झेपायची. आम्ही सकाळी आपापल्या पीसीवरून त्याला जे चिकटायचो, ते घरी जाईपर्यंत. चहा प्या, गप्पा मारा, कनेक्शन आपलं धरून ठेवलेलं. दुपारी माल निघायच्या वेळी डिस्पॅचवाल्याला आत शिरायला जागाच नसे. चलन निघेना, ट्रक फाटकात उभे, आणि उल्हासनगर कॅम्प दोनचे ट्रान्सपोर्टवाले शेठ ओरडतायत, "साईं, गाडी आज छोडेगा के कल?"

मोठे साहेब वैतागले. मुंबईच्या कंपनीची तयार सिस्टिम आणू म्हणाले, आणि टायपिस्टच्या खुर्चीवरून वर आलेल्या मॅडम परत टायपिंगला. हे चालतं करून दाखवायला मॅडमनी एक शनिवार मागून घेतला.

मी स्टोअरमधला. तरी अक्कल पाजळलीच. "दर वेळी नवं कनेक्शन उघडू या की!"

"उघडण्यातच दुपार जाईल, भाऊ."

त्यांनी आमचे पीसी आणि सर्व्हर यांच्या मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवला. मोजकी कनेक्शनं तो कायम उघडी ठेवणार. ज्याला काम पडेल त्याला एक मिळणार, काम होताच परत जाणार. आधीच्याचं अर्धवट काही राहिलं असेल तर ते पुसूनच पुढच्याला.

सगळ्यांना पटलं. पटलं नाही ते हिशेबाच्या साहेबांना. हे गृहस्थ स्वतःचा चहाचा कप कुलपात ठेवत. हेंद्रेपाड्याला मॅडमच्या घरी बुद्धपौर्णिमेची खीर खायला आम्ही झुंडीने जायचो. यांचं पोट दर वर्षी नेमकं त्याच दिवशी बिघडायचं.

"दुसऱ्याच्या हातचं मला चालणार नाही," ते म्हणाले. "माझं मला वेगळं ठेवा."

"वेगळं कुणालाच नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही.

शनिवारी मॅडमनी डबासुद्धा उघडला नाही. दुपार झाली. चलनं सुटू लागली. एक ट्रक गेला, मागोमाग दुसरा, तिसरा. शेठ ओरडायचं विसरून ट्रक मोजू लागले. हिशेबाचे साहेब नाक मुरडत पीसीसमोर बसले. माझं काम आटोपताच मी सोडलेलं कनेक्शन त्यांना गेलं. बिल मागितलं, आलं. परत मागितलं, परत आलं.

"मुंबईवाल्यांना नको म्हणून कळवतो," मोठे साहेब म्हणाले.

मॅडम पुढे पुण्याला गेल्या, चांगल्या नोकरीवर गेल्या. मला मात्र त्या अजून सर्व्हरपाशीच उभ्या दिसतात, हसू दाबत. कारण हिशेबाचे साहेब भर ऑफिसात ओरडले होते,

"अहो, आधी कुणी वापरलं होतं, कळतसुद्धा नाही!"