नंदाचा बॅकअप

नंदाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी राहनाळच्या गोडाऊनच्या ऑफिसात, तिच्याच खुर्चीवर बसले होते. ती काविळीने आजारी म्हणून तिचं काम माझ्याकडे आलं होतं. "ताई, नंदा गेली..." एवढंच तो बोलला.

तिला या गोडाऊनच्या नोकरीत मीच आणलं. ती टेमघरची, मी शेलारची; कॉम्प्युटर क्लासपासूनची मैत्री. आमच्या तिन्ही गोडाऊनमधल्या कॉम्प्युटरांवर 'स्टॉक' नावाचा फोल्डर होता, आणि बॅकअप घेताना तिन्ही एकाच ठिकाणी पडायचे. शेवटचा आला की आधीचे पुसले जायचे. कॉम्प्युटरवाल्याने तसंच लावून दिलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नंदाच्या आलं, तेही पहिल्याच आठवड्यात. "ओळखीत दोन-तीन सुरेश असले तर आपण टेमघरचा सुरेश, शेलारचा सुरेश म्हणतोच की," ती म्हणाली. मग तिने बॅकअपच्या डिस्कवर आधी गोडाऊनचं नाव, त्यात कॉम्प्युटरचं, त्यात ड्राइव्हचं असे फोल्डर केले आणि आतली मांडणी मुळात होती तशीच ठेवली. दिसायला इतकं साधं, की मला का सुचलं नाही या विचाराने मी आतल्या आत जळत राहिले.

पुढे पावसाळ्यात व्होल्टेज वाढून तिसऱ्या गोडाऊनचा कॉम्प्युटर जळाला. बाहेर ट्रक खोळंबलेले, कुणाचा माल कुठल्या रांगेत ते सांगता येईना. नंदाने बॅकअपमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं जिथल्या तिथे परत आणलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी ट्रक हलले. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "नंदा हाय म्हणून आपलं गोडाऊन हाय." माझी तिथली वर्षं तिच्या दुप्पट होती... मी तोंड धुवायला बाहेर गेले. ती मागोमाग चहा घेऊन आली. "तू आणलंस म्हणून मी इथं आहे," म्हणाली. तिचं हे मनापासूनचं बोलणं मला शेठच्या कौतुकाहून जास्त लागलं. हेवा करायलाही तिने जागा सोडली नाही.

तिच्या दिवसकार्यालाही सगळे तिच्याबद्दलच बोलत होते. दुसरं कुणाबद्दल बोलणार, हे कळत असूनही मला ते सोसेना. मी कोपऱ्यात बसून रडले. त्यातलं किती तिच्यासाठी आणि किती माझ्यासाठी, कोण जाणे.

आता तिची जागा कायमची माझी आहे. शनिवारी ड्युटी संपताना डिस्क जोडते, तिने केलेल्या वाटेने एकेक फोल्डर जाताना बघत बसते. शेठ दारातून विचारतात, "नंदाचा बॅकअप झाला का गं?"

"झाला," मी म्हणते.