भर दुपारी लावलेली वांगी

काका, वंदे आणि बाळकुमहून उठून कळव्याला, दिव्याला, कुठं कुठं पांगलेले तुम्ही सगळे,

आम्ही घर सोडलं त्या सकाळी टेम्पोवाल्याशी आईचं वाजलेलं, ते तुम्ही बघितलंयत. कपाट, गॅस, देव्हारा, सगळं मागे चढलं. आई मात्र आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांनी भरलेला ट्रे मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. डब्यांत बोटभर उंचीची वांग्याची रोपं. "मावशी, मागे ठेवा ना, माती सांडेल," तो म्हणाला. "तुजी गारी मी धुवीन," म्हणत आईने धाडकन दार लावून घेतलं. तुम्ही सगळे हसलात, मीही हसलो. मग टेम्पो निघाला तशी वंदा रडायला लागली आणि सगळ्यांचंच हसू गेलं.

ती रोपं कसली, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. आपल्या परसातली ती बुटकी, काटेरी, पांढऱ्या रेघांची वांगी आठवतात ना? आई दरवर्षी एक वांगं तोडायचीच नाही. ते झाडावर पार पिवळं होऊ द्यायचं, मग त्याचं बी राखेत घोळून सुकवायचं. आजीनेही तेच केलं. पण या खेपेला ते वांगं पिकायच्या आत बिल्डरचा जेसीबी परसात शिरला. बियाण्याच्या डब्याच्या तळाशी आदल्या सालचं चिमूटभर बी उरलेलं, तेवढं तिने गणपतीत स्वयंपाकघराच्या खिडकीत पेरलं. म्हणजे मांडीवर होतं ते आमच्याकडचं शेवटचं. ती रोपं गेली की आपलं वांगं संपलं.

आता शीळ रोडचं आमचं घर. लोक विचारतात, कसं आहे? मस्त आहे, सांगतो. काय सांगणार? लिफ्टमध्ये सेंट मारतात, मी श्वास धरून वर जातो. पॅसेजमध्ये चपला ठेवल्या की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो. पोडियम म्हणजे पार्किंगच्या छतावर केलेली बाग, तिला 'ग्रीन झोन' म्हणतात. त्यात गवत आहे ते प्लास्टिकचं. पहिल्या दिवशी आई त्यावर अनवाणी गेली आणि चटका बसून परत आली. "ह्ये कसला गवत रं?" तिने विचारलं. मला शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

बाळकुमला रोपं कधी लावायची हे कॅलेंडरात बघावं लागत नव्हतं. पाऊस सरला, नवरात्र उठलं, पहाटे पायाला दव लागायला लागलं की आई वाफ्याकडे बघायची. आणि खिडकीतलं रोप तसंच उचलून कधी वाफ्यात नाही टाकलं तिने. आधी सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ दाखवायचं, परत आत. दुसऱ्या दिवशी जरा जास्त. मग एखादी रात्र बाहेर. देठ जरा जांभळट, टणक झाला आणि भर दुपारीही रोपाने मान टाकली नाही, की त्या संध्याकाळी लावणी. तिचं एकच म्हणणं, "उनाची आदी वलख व्हव दे, मंग लाव." लहानपणी ऐकून ऐकून कान किटलेले आपले.

इथं बाल्कनीला ऊनच नाही. समोरच्या टॉवरने गिळलंय सगळं. रोपं नुसतीच उंच व्हायला लागली, फिकट, वाकडी, घटातल्या पिवळ्या अंकुरांसारखी. म्हणून आई रोज सकाळी ट्रे घेऊन लिफ्टने पोडियमवर जायची. ट्रे उन्हात ठेवायचा, बाजूला बसायचं, उन्हं चढली की वर. दुसऱ्याच दिवशी गार्डने अडवलं, "आजी, पॅसेंजर लिफ्ट में मिट्टी अलाउड नहीं." मग ती सामानाच्या लिफ्टने जायला लागली, डेब्रिजच्या गोणींबरोबर. माझ्या डोक्यात तिडीक गेली, भांडायला निघालेलो, तिनेच अडवलं. महिनाभरात त्या बिल्डिंगमध्ये तिच्याशी कुणी चार शब्द बोललं नव्हतं. संध्याकाळी मी वागळे इस्टेटच्या कामावरून दमून यायचो तेव्हा ती दिवसभराचं बोलणं साठवून बसलेली असायची, आणि मी मोबाइलमध्ये तोंड घालून हं हं करायचो.

अशात एक दिवस सेक्रेटरीबाईंनी तिला ट्रेसकट बघितलं. "अय्या, किती क्यूट! आजी, आपण किचन गार्डन सुरू करू या ना. तुमच्याच हस्ते!" आई घरी आली ती फुलून. रविवारी अकराचा कार्यक्रम, कुणी प्रमुख पाहुणे येणार. मी म्हटलं, अगं, रोपं अजून तयार नाहीत, दुपारी मान टाकतात, तूच काल म्हणालीस. आणि अकराला? ऑक्टोबरच्या उन्हात? तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं, नथ काढली. आपल्या लग्नांत नेसायची तसं नेसली.

पाहुणे आले जेवणाच्या वेळेला. तोवर काय तमाशा! रोपं डब्यांतून उपटून हातोहात फिरत होती, मुळं उघडी, आणि सगळ्यांचे सेल्फी. एका बाईने तर कुंडीत लावलेलं रोप परत उपसलं, रील नीट आली नाही म्हणून. कोपऱ्यात मांडलेल्या त्या कुंड्यांत माती म्हणाल तर चार बोटं, खाली नुसती खडी. ऊन असं की टाइलवर पाय ठेववत नव्हता. मी आईकडे बघत होतो. ती हसत होती, नमस्कार करत होती, "या आजी, मध्ये या" म्हटलं की मध्ये जात होती. एकदाच तिने एका रोपावर आपला पदर धरला, सावली म्हणून. फोटोवाला म्हणाला, "आजी, पदर बाजूला."

संध्याकाळी रोपांनी माना टाकल्या त्या टाकल्याच. दोन दिवसांत काड्या. ग्रुपवर मात्र 'ग्रीन ड्राइव्ह सुपरहिट', हृदयं, टाळ्या, हिरवी पानं. आठवड्याने त्या कोपऱ्यात प्लास्टिकची फुलं आणून खोचली. मेलेल्या काड्या उपटायचेही कष्ट घेतले नाहीत हो, त्यांच्याच मध्ये खोचली! शी! माणसं आहेत की कोण? त्या रात्री मी घरात खूप आरडाओरडा केला, सेक्रेटरीला, बिल्डरला, सगळ्यांना शिव्या घातल्या. शेवटी आईवर घसरलो. तुला कळत होतं ना? मग का दिलीस?

ती धुऊन वाळलेल्या त्या हिरव्या लुगड्याची घडी घालत होती. "मना ठाव व्हता रं," ती म्हणाली. "पन कोनीतरी 'या' बोलला ना मना."

मी तिची जेवणाची ताटली वाढून घेतली आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो. मोबाइल आत ठेवून आलेलो.

किळस गेलेली नाही माझी. ते प्लास्टिकचं गवत बघितलं की अजून तोंड कडू होतं. पण आईने रिकामे डबे धुतले, काड्यांच्या बुडची माती परत आणून त्यांत भरली, आणि आता ती रोज सकाळी ती माती घेऊन उन्हात जाऊन बसते. माती तापवून घेते म्हणे. परवा मी वरून बघितलं, तर तो गार्ड तिच्याजवळ उकिडवा बसलेला, हातवारे करून काहीतरी सांगत होता. त्याच्या गावच्या वांग्यांचं, आई नंतर म्हणाली. आणि ट्रे घेऊन ती पॅसेंजर लिफ्टने वर आली.

तर काका, लिहिण्याचं कारण हे. आई कधीकाळी शेजारपाजारी, लेकीसुनांना ते बी द्यायची. तुमच्यापैकी कुणाच्या डब्यात, पुडीत, कुठल्या फळीवर ते राखेत घोळलेलं बी पडून असेल तर बघा. बाळकुम आता मलाही ओळखू येत नाही, तिथं परत जाऊन करू काय? माझं घर आता त्या पुडीएवढंच उरलंय, असलंच कुणाकडे तर.

रोपं नका पाठवू, बीच पाठवा. उन्हाची ओळख आई इथं करून देईल. आणि या खेपेला तिच्याशेजारी मी बसेन.